तिसरे लॉर्ड

त्या जुलैत लंडनची नदी आटली होती. लॉर्डांच्या सभागृहाच्या खिडक्या उघडल्या की घाणीचा भपकारा यायचा, मिटल्या की जीव घुसमटायचा, आणि माझ्या जेमायमाला दोन्ही चालत नव्हतं. पाच महिन्यांची पोर, दात येऊ घातलेले. तिला कडेवर घेऊनच मी लॉर्डांच्या झग्यांना ब्रश मारायची, मागच्या बोळातल्या शेगडीवर त्यांचं सूप गरम ठेवायची, आणि मधे वेळ मिळाला की पायरीवर बसून तिला पाजायची. माझा नवरा सायलस बारा वर्षं सभागृहाच्या दारावर उभा होता. त्याला तिथं सगळे ओळखत. मला कुणीच नाही, आणि ते सोयीचं होतं.

अधिवेशनाचा एकच दिवस उरला होता. उद्या राजाची माणसं येणार, भाषण वाचणार, आणि मग फेब्रुवारीपर्यंत दारांना टाळं.

भांडणारे, गाजणारे लॉर्ड संध्याकाळी येत. सकाळी दहाला चालत ती खालच्या न्यायालयांच्या निकालांवरची अपिलं. त्यांना तीन लॉर्ड पुरत. तीन बसले की सभागृह भरलं, दोन असले की नाही. तिघांतल्या एकाला कायदा कळायचा. आमच्याकडे ते लॉर्ड हॅवरिंग, मधल्या लोकरीच्या लाल गादीवर बसणारे. बाकीचे दोन नुसते संख्येला. त्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली, ज्याची पाळी त्यानं त्या दिवशी येऊन बसायचं. सोमवारी ऐकायला बसलेले दोघं मंगळवारी नसायचे, मंगळवारचे बुधवारी नसायचे. बोलायचं हॅवरिंगसाहेबांनी, बाकीच्यांनी गप्प राहायचं, हा रिवाज. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. एल्स्पेथ रॅटरे येईपर्यंत.

ती स्कॉटलंडच्या डोंगराकडची, तिशीची असेल. तिचं लग्न लोहाराच्या अंगणात झालं होतं. लोहार आणि त्याची बायको यांच्यासमोर तो म्हणाला, ही माझी बायको. ही म्हणाली, हा माझा नवरा. पाद्री नाही, चर्च नाही. त्यांच्या मुलखात एवढं पुरतं. नवरा वारला तेव्हा थोरला दीर म्हणाला, हे कसलं लग्न? घर माझं, जमीन माझी, आणि हे पोर कुणाचंच नाही. एडिनबराच्या न्यायालयानं हिच्या बाजूनं निकाल दिला. दीर लंडनला आमच्या सभागृहाकडे आला. मग हीसुद्धा आली. चार वर्षांच्या मुलाला, निनियनला, बहिणीकडे ठेवून, तीन आठवड्यांत येते असं सांगून.

तीन आठवड्यांची दोन वर्षं झाली. अपिलांची रांगच तेवढी होती. आज नंबर लागेल, उद्या लागेल, म्हणून तिला परत जाता येईना. ती एका टोपीवालीकडे शिवणकाम करायची आणि रोज सकाळी आमच्या दारात येऊन सायलसला विचारायची, "आज?"

"आज नाही, बाई," सायलस म्हणायचा. पुढं पुढं तो नुसती मान हलवायचा.

एकदाचा त्या आठवड्यात नंबर लागला. बायकांना आत जागा नाही, पण सिंहासनाच्या बाजूला एक जाड पडदा आहे. त्याच्यामागे मी तिला बसवलं. मंगळवारी तिच्या वकिलानं लोहाराची साक्ष वाचली तेव्हा पाळीवरच्या एका म्हाताऱ्या लॉर्डांनी रुमाल काढून डोळे टिपले. तिनं माझा हात घट्ट धरला. बुधवारी ती लवकर आली, पडद्याच्या फटीतून बघितलं, आणि माझ्याकडे वळली.

"ते कुठं गेले?"

"त्यांची पाळी मंगळवारची होती."

"मग निकाल कोण देणार?"

"ज्यांची पाळी असेल ते."

"त्यांनी तर काही ऐकलंच नाही."

मी म्हटलं, सूप घे थोडं.

गुरुवार हा अपिलांचा शेवटचा दिवस. हॅवरिंगसाहेब निकाल वाचणार होते. लॉर्ड टिलबर्न आले, नेहमीच्या बाकावर टेकले आणि हनुवटी छातीवर टाकून डोळे मिटले. दुसऱ्या पाळीकऱ्याचा निरोप आला की पाय सुजलाय, येणं होणार नाही.

सायलस बोळात आला. त्याचा चेहरा मला लांबूनच कळला.

"दोनच आहेत," तो म्हणाला.

"आणखी कुणाला बोलवून आण ना."

"कुणाला? निम्मे शिकारीचं बघायला गावी गेलेत, उरलेले अंथरुणात. हॅवरिंगसाहेब पाव तास थांबतील, मग उठतील. मग फेब्रुवारी."

फेब्रुवारी हा शब्द एल्स्पेथनं ऐकला. ती पडद्याजवळ उभी होती. ती भिंतीला टेकली.

"प्रार्थना कुणी म्हटली आज?" मी सायलसला विचारलं.

"रोजच्यांनीच. बिशप अ‍ॅव्हरिल." मग त्याच्या डोक्यात शिरलं. "अगं, ते निघाले. झगा उतरवायला गेलेत."

"बिशपसुद्धा धरतात ना संख्येत?"

"धरतात. पण दारवान बिशपला थांब कसं म्हणणार?"

"दारवानानं म्हणायलाच नको," मी म्हटलं, आणि जेमायमाला त्याच्याकडे न देता तशीच निघाले. तिला दिलं असतं तर तिनं सगळं सभागृह डोक्यावर घेतलं असतं.

बिशप अ‍ॅव्हरिल झग्यांच्या खोलीत बाकावर बसले होते. पांढऱ्या बाह्यांतला एक हात बाहेर, एक आत. एक बूट काढून बाजूला ठेवलेला. नव्या बिशपनंच रोज प्रार्थना म्हणायची, त्यामुळे मार्चपासून त्यांची एकही सकाळ सुटली नव्हती.

"ये, ये," ते म्हणाले. "हा हात तेवढा सोडव. नव्या सुनेसारखी गत झालीय माझी इथं. पुढचा म्हातारा बिशप देवाघरी जाऊन माझ्यानंतर कुणी नवा येईपर्यंत सुटका नाही. आणि त्याच्या मरणाची वाट बघणं मला शोभत नाही."

मी बाही धरली, पण ओढली नाही.

"सरकार, तासभर आत बसाल का?"

"आत? कशाला?"

"तिसरे कमी पडतायत. काही करायचं नाही. बोलायचं नाही. ऐकलं नाही तरी चालतं."

ते हसले. "माझ्या प्रवचनाला लोक असेच येतात. कसलं अपील?"

मी सांगितलं. लोहाराच्या अंगणापाशी आले तेव्हाच त्यांचं हसू गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले.

"पाद्री नाही? आशीर्वाद नाही?"

"नाही, सरकार."

"आणि याला तू लग्न म्हणतेस?"

"मी कोण म्हणणारी? तिथले लोक म्हणतात."

"तुझं कुठं झालं?"

"सेंट मार्गारेटच्या चर्चमध्ये. पावसात. सायलस उशिरा आला."

त्यांनी बूट काढलेलं पाऊल चोळलं. जेमायमा त्यांच्या बाहीची झालर तोंडात घालायला बघत होती. त्यांनी ती घालू दिली.

"नीट ऐक, मुली. मी आत बसलो तर मला तोंड आहे. रिवाज काही असो, नियम मला गप्प बसवू शकत नाही. आणि असली लग्नं मोडीत निघावीत असंच माझं मत आहे. आता सांग, बसू?"

त्यांना जाऊ दिलं तर फेब्रुवारी, म्हणजे निदान काही बुडालं नव्हतं. बसवलं तर आजच सगळं संपण्याची भीती. हे ठरवायचा अधिकार माझा नव्हता. मी म्हटलं, "थांबा, तिला विचारून येते."

एल्स्पेथनं ऐकून घेतलं. बिशपचं मतसुद्धा मी लपवलं नाही.

"ते नाही बसले तर सात महिने?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि सात महिन्यांनी कुणीतरी दुसरे तीन?"

"हो."

"दमले मी," ती म्हणाली. "बसू दे त्यांना."

बिशप आत गेले ते एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा थाटात. झगा जमिनीपर्यंत होता म्हणून बरं.

हॅवरिंगसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. निकाल कुठं चाललाय ते त्यांच्या वाचण्यातून कधीच कळत नसे. हे खरं आहे, पण तेही खरं आहे. इकडे असं म्हणता येईल, तथापि तिकडे तसंही म्हणता येईल. भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांवर दोनशे वर्षांपूर्वीची जहाजं झुंजत होती. त्यांच्याखाली टिलबर्नसाहेब घोरत होते. जेमायमा माझ्या खांद्यावर झोपली, आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे दोनदा मिटले. एल्स्पेथ मात्र ताठ बसली होती. बिशपही जागे होते. पुढं वाकून, कानामागे हात धरून ते ऐकत होते, आणि ते बघून माझी झोप उडाली.

सव्वा तासानं कागद खाली ठेवला गेला. हॅवरिंगसाहेब उभे राहिले आणि त्यांनी भराभर प्रश्न टाकला. जे अनुकूल असतील त्यांनी कबूल म्हणावं.

कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच.

जे प्रतिकूल असतील त्यांनी नाकबूल म्हणावं.

याचं उत्तर एरवी हॅवरिंगसाहेब स्वतःच हळू आवाजात देऊन टाकत. त्याआधी बिशप अ‍ॅव्हरिल चर्चमध्ये म्हणावं तसं मोठ्यांदा म्हणाले, "नाकबूल."

टिलबर्नसाहेब दचकून जागे झाले. कारकुनानं वर बघितलं. हॅवरिंगसाहेबांनी चष्म्यावरून असं पाहिलं की जणू एखाद्या खुर्चीनं मधेच तोंड उघडलं. "नाकबूलवाल्यांचा विजय," ते म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले.

पडद्यामागे एल्स्पेथचा चेहरा पांढराफटक झाला होता. "बिशपच बोलला," ती म्हणाली. "नाकबूल." ती उठायला लागली.

"बस, आधी बस," मी म्हटलं. "इथं लग्न कबूल का असं विचारत नाहीत. एडिनबराचा निकाल उलटवायचा का, एवढंच विचारतात. त्यांनी उलटवायला नकार दिला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची नुसती समजूत काढतेय.

"सायलस," मी हाक मारली, "हिला सांग."

"जिंकलीस, बाई," सायलस म्हणाला. "पहिल्यांदा मलाही असंच कळलं नव्हतं. दोन वर्षं लागली."

बिशप बूट हातात घेऊन बोळातून गेले. आमच्याजवळ थांबले.

"मला ते लग्न अजून पटलेलं नाही," ते एल्स्पेथला म्हणाले. "पण कायदा तुमच्या मुलखाचा, आणि लोहार खोटं बोलला नाही. जा घरी."

तिनं गुडघा वाकवून नमस्कार केला. ते गेल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. हुकुमाची नक्कल कधी मिळेल, गाडी कधी सुटते, असलं काही विचारेल म्हणून सायलस थांबला होता.

"सहा वर्षांचं पोर केवढं असतं?" तिनं विचारलं.

सायलसनं हात कमरेच्या उंचीवर धरला. "एवढं."

"छे," मी म्हटलं आणि माझा हात त्याच्या हाताच्या चार बोटं वर धरला. "माझ्या बहिणीचा एवढा होता."

"तुझ्या बहिणीचा ताडमाड आहे, अगं."

आम्ही दोघं आपापला हात तसाच हवेत धरून वाद घालत उभे राहिलो. ती एकदा त्याच्या हाताकडे बघे, एकदा माझ्या.