ओवीचा नेम

“तिला आधी सांगा, वासंतीताई. आणि एकदा सांगितलंत, की तसंच होऊ द्या.”

तळेगावच्या डॉक्टरबाई हे किती सहज बोलून गेल्या होत्या! पण आज रविवारी दुपारी, कुसगावच्या घरात पाटावर जेवायला बसलेल्या वासंतीच्या कानातून तो आवाज काही केल्या जाईना. समोर टेबलाखाली तिची नऊ वर्षांची भाची ओवी कानांवर हात दाबून रडत होती आणि टेबलावर पाहुणे जेवत होते.

चातुर्मासात वासंतीचा मौनभोजनाचा नेम असे. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही न बोलता. तोंडातून शब्द गेला की पानावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी. घराला याची सवय होती. ती पाटावर बसली की टीव्ही बंद होई, भाऊ मुकुल फोन घेऊन अंगणात जाई, भावजय अनुष्का न विचारता ताक वाढी. आज तर अचानक पुण्याहून येऊन थडकलेल्या गंगाधरकाकांनीसुद्धा आपल्या सुनेला दटावलं होतं, “हळू बोल गं, वासंतीचं मौन आहे. मोडलं तर उपाशी राहील बिचारी.”

ओवीचा रविवार मात्र कुणीही यावं आणि मोडावा.

गुरुवारीच वासंतीनं तिला सांगितलं होतं, रविवारी जेवणं झाली की आपण दोघी लोणावळा स्टेशनच्या पुलावर जायचं. कर्जतहून गाडीला मागून ढकलत घाट चढवून आणणारी इंजिनं तिथे सुटतात, ती बघायची. तेव्हापासून ओवीनं तो रविवार मनात मांडून ठेवला होता. आधी निळ्या ताटलीत भात, मग पिवळा रेनकोट, मग पूल, मग इंजिन. आणि आज निळ्या ताटलीत काकांना पापड वाढले गेले, आणि मुकुल म्हणाला, “आज पाहुणे आहेत ना बाळा? इंजिन कुठे पळून जातंय? पुढच्या रविवारी जा.”

“आत्या आज म्हणाली होती,” ओवी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. मग ओरडली, आणि मग टेबलाखाली गेली.

“मुकुल, मी आपला स्पष्ट बोलतो,” काकांनी पापड मोडला. “गेल्या साली म्हणालात एडीएचडी. आता म्हणता ऑटिझम. नक्की काय ते एक ठरवा की! डॉक्टर बदलला की आजार बदलतो?”

“दोन्ही आहे, काका,” अनुष्का म्हणाली. “एकाच मुलात दोन्ही असू शकतं.”

“वा! एकावर एक फ्री!”

काकांची सून खुदकन हसली. मुकुलही हसला, कसंनुसं. वासंतीच्या हातातला घास तिथेच थांबला.

“अगं,” काका अनुष्काला म्हणाले, “मघाशी दुर्वा निवडत बसली तर मान वर केली नाही पोरीनं. हिचं म्हणे लक्ष लागत नाही! आणि इंजिनांवर सुरू झाली की थांबत नाही, हिला म्हणे ऑटिझम! हट्ट आहे हा, निव्वळ हट्ट. दोन धपाटे घाला, दोन्ही आजार पळतील.”

वासंतीनं घास पानात परत ठेवला. हाक मारली तर ओवी ओ देत नाही, एवढंच या लोकांना दिसतं. कधी मन चार वाटांनी पळालेलं असतं म्हणून, कधी हातातल्या एकाच गोष्टीत ती बुडालेली असते म्हणून, तर कधी भांड्यांचा आवाज कानात सुईसारखा टोचत असतो म्हणून. बाहेरून सगळं सारखंच. रोज सकाळी पारिजातकाची फुलं ती देवापुढे एका ठरावीक क्रमानं लावते. अर्ध्यात कंटाळते, खारीमागे धावते, परत येते आणि क्रम विस्कटला म्हणून स्वतःवरच चिडून रडते. तिच्यातल्या एकीला रोज तेच हवं असतं आणि दुसरीला तेच ते सोसत नाही. एडीएचडीची गोळी सुरू झाल्यावर धावपळ उणावली, तशी ठरल्याप्रमाणे होण्याची ओढ जास्त दिसू लागली. तेव्हा हेच काका फोनवर म्हणाले होते, “गोळीनं पोर बिघडवलीत.” डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, “बिघडली नाही. एका गडबडीखाली झाकलेलं दुसरं आता दिसतंय.” समजून कोण घेणार? हसणं सोपं.

“काका,” वासंती म्हणाली.

मुकुल दचकला. “ताई, तुझं मौन...”

“मोडलं.” तिनं पान पुढे सारलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता. “माझ्या नेमासाठी तुम्ही भरल्या घराला गप्प केलंत. मी ठरल्याप्रमाणे वागले की ते व्रत, आणि ती ठरल्याप्रमाणे मागते तो हट्ट? मी माझा नेम हौसेनं घेतलाय, काका. तिनं तिचा मागून घेतलेला नाही. तिला धपाटे घालायला निघालात, मग मलाही घाला.”

“म्हणजे आता पोरीच्या तालावर मोठ्यांनी नाचायचं?”

“शब्द मी दिलाय. नाचायचं तर मी नाचेन.” ती भावाकडे वळली. “आणि मुकुल, माझा शब्द तू कुणाला विचारून पुढच्या रविवारवर ढकललास? वर हसतोस?”

काकांना ठसका लागला. पाणी मात्र कुणी दिलं नाही. अनुष्का उठली, काकांच्या पुढ्यातली निळी ताटली उचलली, पापड त्यांच्या वरणभातावर उपडे केले आणि ताटली घासायला घेऊन गेली.

वासंती हात धुऊन टेबलापाशी जमिनीवर बसली. ओवीला हात लावला नाही. हुंदके ओसरेपर्यंत नुसती बसून राहिली. अनुष्कानं निळ्या ताटलीत भात आणून हळूच आत सरकवला.

बऱ्याच वेळानं टेबलाखालून आवाज आला, “तू जेवताना बोललीस.”

“हो.”

“मग उद्यापर्यंत जेवायचं नाही.”

“नाही.”

“तुला राग आलाय. माझा?”

“तुझा नाही गं.”

ओवीनं भात संपवला. बाहेर आली, पिवळा रेनकोट घातला, बटणं लावता लावता अंगणाच्या कोपऱ्यातल्या गोगलगायीकडे धावली, परत आली आणि एक चप्पल कुठे गेली म्हणून रडकुंडीला आली. वासंतीनं ती पायरीखालून काढून दिली.

दिवाणखान्यात काका चढ्या आवाजात काहीतरी सांगत होते. वासंतीनं वळून पाहिलं नाही. देवाला हात जोडले, छत्री घेतली आणि स्टेशनच्या वाटेला लागली. ओवी दोन पावलं पुढे होती.