पुष्पाची सहा बटणं

आमच्या वरोरला डायमेकर पुष्कळ झाले, पण पोलादाच्या ठोकळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा मोर कोरावा तो सुनिलनेच, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो, पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही. चाळीस वर्षं मी दागिन्यांच्या डाय कोरल्या. पोलादात छिन्नीने नक्षी खोल खोदायची, मग सोनार त्या खळग्यात सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवतो आणि नक्षी वर उठून येते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यंदा गौरीच्या आधी आमच्या घरात जो घोळ झाला, तो दुसऱ्या धंद्याच्या माणसाच्या घरात झालाच नसता.

माझी बायको पुष्पा. गौरीची गाणी म्हटली की आमच्या आळीत पुष्पाच. पहिली ओळ तिने उचलायची आणि बाकीच्या पंधरा-वीस जणींनी तिच्या मागून फेर धरायचा, ही इतक्या वर्षांची रीत. पण काचबिंदूने तिचे डोळे गेले. आता उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळतं. गेल्या वर्षी ती फेराला गेलीच नाही. शेजारच्या अंगणात बायका ओळी विसरल्या, कोणी एक गाणं धरलं, कोणी दुसरं, आणि फेर अर्ध्यात थांबला. हे सगळं तिने आमच्या पडवीत बसून ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

यंदा श्रावणात आळीतली निलम घरी आली. पोरगी कामाला वाघीण आहे, मनाने वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही. म्हणाली, "काकी, बारा वर्षांपूर्वीचं तुमच्या गाण्यांचं शूटिंग आहे ना, ते मला द्या. मी मोबाईलवरून टीव्हीवर लावते, आम्ही त्यावरून शिकू. तुम्ही फक्त बसा."

फक्त बसा! माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली, तर पुष्पाचं काय झालं असेल? पण ती शांतपणे म्हणाली, "निलम, गाणी मी शिकवीन. माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर, माझ्या हाताने. ओळ कुठे थांबवायची, कुठे परत ऐकवायची, ते मी ठरवीन. गौरीच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना घेऊन ये. त्या दिवशी मला जमलं नाही, तर शूटिंग तुझं आणि पहिली ओळही तुझी. मी पुन्हा नाव काढणार नाही."

निलम गेल्यावर मी म्हटलं, "अगं, एवढी पैज कशाला? मी बसतो ना बाजूला. तू सांग, मी थांबवीन."

"तुम्ही?" पुष्पा म्हणाली. "तुम्ही थांबवेपर्यंत गौर सासरी परत जाईल."

आमच्या टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर लावलेला आहे. मुलगी प्राजक्ता बोईसरला कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते, तिने बसवला. लग्नं, बारशी, गौरीची गाणी, सगळं त्यात भरून ठेवलंय. आवाज तर असा, की समोरच्या घरातली माणसं विचारतात कोणाचं लग्न आहे. अडचण एकच. तो चालवायचा तर स्क्रीनवरचा बाण दिसायला हवा.

प्राजक्ता दर शनिवारी पिशवीत काहीतरी नवीन घेऊन यायची. आधी आणला बिनवायरचा कीबोर्ड. पुष्पाने मांडीवर घेतला. म्हणाली, "ही परात घेऊन मी काय पीठ मळू?" शंभर बटणांत नेमकं एक शोधायला तिला अर्धं गाणं लागायचं. मग मोबाईलवर काहीतरी घातलं, त्यातून टीव्ही चालतो. पण मोबाईल म्हणजे गुळगुळीत काच. तिने थांबवायला बोट लावलं, तर प्राजक्ताच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लागला. तेही रविवारी.

मग तोंडाने सांगायची सोय झाली. नुसतं म्हणायचं, "थांब," की गाणं थांबणार. एकटं असताना थांबायचंही. पण टीव्हीवर वीस बायका गायला लागल्या की पुष्पाचं त्याला काही ऐकू जाईना. तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा त्याने गाणं बंद करून हवामानाचा अंदाज सांगितला. पुष्पा म्हणाली, "माझ्या घरात त्या डब्याने माझं ऐकावं म्हणून मी घसा फोडू? तो घसा मला गौरीला लागणार आहे." तेही बारगळलं. नंतर पोरं गेम खेळतात ते दोन शिंगांचं यंत्र आलं. ते जरा जमलं होतं, पण हात थोडा सरकला की गाणं भलतीकडेच धावायचं.

एका शनिवारी प्राजक्ता म्हणाली, "आई, आता शेवटचा उपाय." तिने तळहाताएवढा एक की-पॅड काढला, दुकानात हिशेबाला लागतो तसा, नुसत्या आकड्यांचा. त्यातली जास्तीची बटणं काढून सहाच ठेवली. डावीकडचं बटण दहा सेकंद मागे, उजवीकडचं दहा सेकंद पुढे. वर, खाली. मधलं चालू-थांब. आणि कोपऱ्यातलं बंद. यादीत कुठे आहोत, स्क्रीनवर काय आलंय, ते कॉम्प्युटरमधली बाई मराठीत वाचून दाखवायची. झकास! फक्त सहाही बटणं हाताला सारखीच लागायची. घाईत पुष्पाचं बोट मागेऐवजी वर पडायचं आणि गौरीच्या गाण्यातून ती थेट प्राजक्ताच्या बारशात जायची.

तेव्हा मी खुर्ची मागे सारली. "बाजूला व्हा दोघी," म्हटलं. "हे काम कॉम्प्युटरवाल्यांचं नाही. हे माझं काम आहे."

दोन वर्षांत मी छिन्नीला हात लावला नव्हता. पण हत्यारं तेल लावून ठेवली होती. पितळेचे सहा तुकडे कापले, कडा घासून गोल केल्या, आणि चिन्हं कोरायला बसलो. मागेला डावीकडचा बाण, पुढेला उजवीकडचा, चालू-थांबला गोल, बंदला फुली. वर आणि खालीला त्या त्या दिशेचे बाण. बाणांना नुसत्या रेघा देणं माझ्या हाताला शोभत नाही, म्हणून टोकाशी पानाचा आकार दिला. दोन दिवस लागले. पॉलिश करून बटणांवर चिकटवले आणि छाती फुगवून प्राजक्ताला बोलावलं.

तिने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग तोंडावर हात ठेवला.

"बाबा, हे उलटं आहे."

"काय उलटं?"

"मागेचा बाण पुढे दाखवतोय. पुढेचा मागे. आणि हे खोल का कोरलंय? वर उचललेलं नको का, बोटाला लागायला?"

मी चष्मा पुसून बघितलं. कपाळाला हात लावला! चाळीस वर्षांची खोड. डाय कोरताना सगळं खोल आणि उलटंच कोरायचं असतं, तेव्हाच दागिन्यावर ते उंच आणि सुलट उठतं. शिकाऊ असताना मी एकदा गणपती सुलट कोरला होता. दागिन्यावर त्याची सोंड भलतीकडे वळली, आणि उस्तादाने आठवडाभर मला नुसते ठोकळे घासायला बसवलं होतं. तेव्हापासून छिन्नी हातात आली की हात आपोआप उलटा चालतो. इथे कोणी सोनं ठोकणार नव्हतं, बोट लागणार होतं, हे डोक्यात आलंच नाही. असा राग आला स्वतःचा! की-पॅड उचलला आणि तुकडे उपटायला बसलो.

"आधी मला दाखवा," पुष्पा म्हणाली.

"काय दाखवू? वाया गेलं सगळं."

"द्या म्हणते ना."

दिला. तिने उजवा अंगठा मागेच्या बटणावर ठेवला आणि हळूच फिरवला. मग पुढेच्या. मग बाकीच्या चारांवर. आणि हसली.

"प्राजक्ता, तुझ्या बापाने बरोबर कोरलंय गं. हा डावीकडे जातो. हा उजवीकडे."

"आई, उलट आहे. मला दिसतंय ना."

"तुला दिसतंय म्हणून उलट आहे. याचा ठसा काढ, मग बघ कुठे जातो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न होऊन आल्यापासून माझी प्रत्येक डाय सोनाराकडे जाण्याआधी पुष्पाच्या अंगठ्याखालून जायची. ती घासायची, पॉलिश करायची, आणि अंगठा फिरवून सांगायची, अहो, या पाकळीची कड बोथट राहिलीय, हा डोळा उथळ झालाय. मेणाचा ठसा काढून बघितला की तस्सं निघायचं. माझे डोळे फसायचे, तिचा अंगठा कधी नाही. खळग्यात बोट घालून वर काय उठणार, हे तिने तीस-पस्तीस वर्षं वाचलं होतं. तिला उंच, सुलट बाण दिला असता तरच ती गोंधळली असती.

प्राजक्ताने की-पॅड हातात घेऊन पुन्हा निरखला. मग म्हणाली, "मी चार शनिवार बाजारातून वस्तू आणत बसले."

"तू सहा बटणं दिलीस म्हणून त्यांना कोरायला जागा मिळाली," पुष्पा म्हणाली. मला मात्र वाटत होतं की सगळं श्रेय माझंच आहे.

ठरलेल्या रविवारी दुपारी निलम पंधरा बायकांना घेऊन आली. पुष्पाने नवी साडी नेसली होती आणि सोफ्याच्या मधोमध बसली होती, मांडीवर की-पॅड. मला तिने बजावलं होतं, "स्वयंपाकघराच्या दारापलीकडे पाऊल टाकायचं नाही. काही झालं तरी." मी दाराला धरून उभा, माझ्या मागे प्राजक्ता चहाला लागलेली.

निलम मोबाईल हातात घेऊनच बसली होती. "काकी, अडलं तर सांगा हं, माझा मोबाईल तयार आहे."

पुष्पाने खालीचं बटण दाबलं. बाई यादी वाचत गेली आणि "गौरीची गाणी" म्हणाली तशी पुष्पाने मधलं दाबलं. टीव्हीवर बारा वर्षांपूर्वीचं आमचं अंगण आलं, आणि फेराच्या पुढे तीच, डोळस, पदर खोचलेली. पहिली ओळ सुरू झाली आणि मध्येच आवाज तुटला. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी चौकट आली. बायका कुजबुजल्या. पंधराच्या पंधरा माना माझ्याकडे वळल्या. निलमने मोबाईल वर केला.

माझा पाय उंबऱ्यावर होता. तिला जमणार नाही असं वाटलं म्हणून नाही, शपथेवर सांगतो, नुसत्या भीतीने.

पुष्पाने मान जराही वळवली नाही. कॉम्प्युटरमधली बाई म्हणत होती की नवं काहीतरी घ्यायला हवं, आत्ता घ्यायचं की नंतर. पुष्पाने खालीचा खळगा शोधला, एकदा दाबला. बाई "नंतर" म्हणाली. पुष्पाने मधलं दाबलं आणि गाणं सुरू झालं.

"माझ्याच घरात मला विचारते, आत्ता की नंतर," पुष्पा म्हणाली. "आत्ता गाणी आहेत बाई, गप बस." सगळ्या खो खो हसल्या. निलमसुद्धा. तिने मोबाईल पर्समध्ये टाकला.

मग दोन तास काय शिकवलं तिने! ओळ आली की थांबवायची, दहा सेकंद मागे घ्यायची, परत ऐकवायची. "इथे श्वास घेऊ नका, पुढच्या शब्दावर घ्या." परत मागे. "टाळी इथे नाही, इथे." परत मागे. अंगठा असा फिरत होता, की मला माझ्या कारखान्याचे दिवस आठवले. दारात उभा राहून मला एकेकीला सांगावंसं वाटत होतं, बघताय ना, ती माझी बायको आहे. आणि ते पितळ मी कोरलंय.

चौथ्या गाण्याला तिने एक ओळ तीनदा मागे नेली. कपाळावर आठी पडली.

"ही बाई चुकतेय," ती म्हणाली.

निलम टीव्हीकडे बघून म्हणाली, "काकी, ती तुम्हीच आहात."

"माहीत आहे. म्हणून तर सांगतेय. घाईत गातेय, ओळीचा शेवट गिळतेय. तुम्ही सगळ्या तेच शिकाल." तिने कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवलं आणि दाबलं. टीव्ही बंद झाला. आमचं अंगण, ती डोळस पुष्पा, सगळं गेलं. एवढे दिवस आम्ही तिघं ज्यासाठी मरत होतो, ते तिने एका बोटाने विझवलं.

"आता माझ्याकडे ऐका," पुष्पा म्हणाली. आणि तिने ती ओळ उचलली, सावकाश, शेवटपर्यंत. साठीला आलेला आवाज, जरा जाड झालेला, पण एक अक्षर खाली पडलं नाही. निलमने मागून ओळ धरली. मग सगळ्यांनी.

गाणं संपलं तेव्हा निलम उठली आणि पुष्पाचे दोन्ही हात धरले. "काकी, पहिली ओळ तुमचीच. माझा हात धरून फेराला चला. मी सोडणार नाही."

पुष्पा उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा माणसांच्या मध्ये उभी राहिली. की-पॅड तिने सोफ्यावर ठेवून दिला, आता त्याची गरजच नसल्यासारखा, आणि दाराच्या दिशेला तोंड करून मला हाक मारली.

"अहो, तिथे उभे राहून रडताय काय? हा सोफा बाहेर काढा. फेराला जागा पुरत नाही."

मी खरंच रडत होतो. डोळे पुसले, प्राजक्ताला हाक मारली, आणि बापलेकींनी मिळून सोफा पडवीत नेऊन ठेवला.