नवस फेडल्यावरची तपासणी

माझ्या बायकोच्या, जनाच्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ काढली ती १९९६ साली, मुंबईच्या इस्पितळात. छाती उघडली नाही. बरगड्यांमध्ये तीन भोकं पाडून, दुर्बीण घालून काढली. तेव्हा ही पद्धत नवी होती. आम्ही ठाण्याच्या कोळीवाड्यातले. जना घरी आली तशा शेजारच्या बायका जखम बघायला लोटल्या, आणि बघून निराश झाल्या.

"एवढंच?" तिची बहीण मनुबाई म्हणाली. "माझ्या अपेंडिक्सला याच्या दुप्पट टाके होते गो!"

तिथंच घोळ झाला. व्रण लहान, म्हणून आजारही लहान, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं. गाठ छोटी होती, लवकर सापडली, आजूबाजूच्या ग्रंथींत काही मिळालं नाही, तेव्हा आशा चांगली. पण पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं. रोज चालायचं. घरात धूर नको.

दोन तपासण्या झाल्या. मग चैत्रात आम्ही कार्ल्याला जाऊन, ऑपरेशनच्या आधी जना बोलली होती तो एकवीरा आईचा नवस फेडला. तिसरी तपासणी आली, तर जना जागची हलेना.

"नवस फेडला ना? आता परत तपासायला गेले तर आईला काय वाटंल? हिला माझ्यावर भरवसा नाय?"

"अगं, आईनंच डॉक्टर भेटवला असं तूच म्हणालीस."

"भेटवला ना. झालं त्याचं काम."

तिचा भाऊ चंदू उंबऱ्यावर विडी ओढत बसला होता. घरात मनाई, म्हणून उंबऱ्यावर. धूर सगळा आत. "दाजी," तो म्हणाला, "बऱ्या झालेल्या बाईला तुमी आजारी पाडाल."

"आधी विडी टाक."

"भायेर तर हाय मी!"

पुढची तपासणीही चुकली. मी भांडलो, अबोला धरला. शेवटी एकटा कार्ल्याला जाऊन तिथल्या पुजाऱ्याला विचारून आलो. तो म्हणाला, छातीचा फोटो काढायला आईची कधी मनाई होती? जनाला सांगितलं, तर म्हणे, "तो पुजारी नवा असंल."

मग तिचा आवाज बसला. दम लागायला लागला, तेव्हा मुकाट्यानं आली. आजार छातीच्या मधल्या ग्रंथींत परतला होता. आता ऑपरेशन करण्यासारखं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, वेळेवर आणलं असतं तर?

"नक्की नाही सांगता येत. सगळं नीट करूनही काहींना परत होतो. पण लवकर कळलं असतं, तर उपाय जास्त होते."

यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? बाहेर बाकावर जना म्हणाली, "आईवर रागावू नका."

"आईवर कोण रागावतंय? तुझ्यावर रागावलोय!"

"मग घरी गेल्यावर रागवा. हितं लोकं बघतात."

घरी ते जमलं नाही. ती गेल्यापासून मात्र रोज भांडतो तिच्याशी, आणि उलट उत्तर येत नाही म्हणून आणखीच चिडतो.