वाकडं अंगण

रहांगडाले मॅडमच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि या गोष्टीचा मॅडमना भारी अभिमान. नाव ओमेश्वरी, रोज तालुक्याच्या गावाहून, गोरेगावहून स्कुटीने यायच्या, पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे. वर्गाची बैठक चाचणीच्या गुणांवर लागे. पहिली ओळ पंख्याखाली, कारण वर्गात चालू पंखा एकच. गुण घसरले की पोर मागे सरके आणि घसरत घसरत शेवटी खिडकीसमोरच्या कोपऱ्यात जाऊन पडे. त्या कोपऱ्यात गेलेलं पोर पुन्हा वर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणायच्या, "पाहा, माझी पारख चुकत नाही."

फळाही त्यांच्या अभिमानाचा. जुना फळा पांढुरका पडला होता आणि साहेब तपासणीला येणार होते. मॅडमच्या घराचं लोखंडी फाटक रंगवून काळा ऑइलपेंट डब्यात उरला होता. वाया कशाला घालवायचा? तोच त्यांनी फळ्याला फासला. फळा असा चकचकीत झाला की साहेबांनी त्यात पाहून भांग नीट केला. मॅडम आठवडाभर फुशारून फिरत होत्या.

दामिनी तेव्हा दुसऱ्या ओळीत होती. दिवाळीनंतर तापाने पडली, चाचणी पार बिघडली आणि पोरगी कोपऱ्यात गेली. मग तिची गणितं अर्धवट राहू लागली, शब्द भलतेच लिहिले जाऊ लागले. एकदा तिने उभं राहून सांगितलंही होतं, "मॅडम, फळा चकाकते. दिसत नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मॅडमनी म्हण फेकली आणि वर्ग खो खो हसला. त्या वर्गात हसायची परवानगी अशाच वेळी मिळायची. दामिनी खाली बसली, ती पुन्हा काही सांगायला उठली नाही.

पालकसभा त्याच वर्गात भरली. धानाची कामं आटोपली होती, म्हणून माणसंही बरीच आली. मॅडम एकेका पोराचं सांगत गेल्या. दामिनीची पाळी आली तेव्हा तिची आई तुलसा पदर सावरून उभी राहिली.

"तुलसाबाई, खरं सांगू? पोरीचं डोकंच चालत नाही. मी तरी किती घासू?"

हे सगळ्या गावासमोर. तुलसाने मान खाली घातली.

"बरं केलं सांगतलं, मॅडम. तिरोड्याले माही बहीण आहे, रुख्मा. तिचं लेकरू सांभाळाले कोणी पाहिजे म्हणून राहिली. उद्या सकाळच्या गाडीनं इले नेऊन देतो. कायले उगाच शाळेत बसवा?"

मॅडमना कुठेतरी टोचलं. पण तेवढ्यात सरपंच आले, खुर्च्या कमी पडल्या आणि मॅडमनी मोठ्या मनाने आपली खुर्ची त्यांना दिली. मागे तरटपट्टीवर बसायला गेल्या, तर जागा उरली होती ती फक्त कोपऱ्यात.

मुख्याध्यापक चैतराम पटले सरांनी सभेचे विषय फळ्यावर लिहिले आणि वळून म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज खणखणीत. तिथूनच वाचून दाखवा."

मॅडम उठल्या. फळ्याकडे पाहिलं. खिडकीतलं दुपारचं ऊन फळ्यावर सांडलं होतं आणि तिथे नुसता पांढरा उजेड होता. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. खडूची एक रेघ दिसेल तर शपथ. अख्खं गाव मागे वळून त्यांच्याकडे पाहत होतं.

"आज... चष्मा घरी राहिला," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी कधी चष्मा लावला नव्हता.

"अरे, मॅडमच्या डोळ्यावर चमक येऊन राहिली. सरका ना थोडे!" कोणीतरी ओरडलं. माणसं लगबगीने सरकली, एकाने उठून खिडकी लोटली. कोणी हसलं नाही. कोणी म्हण ऐकवली नाही. तोवर सरांनीच विषय वाचून दाखवले.

मॅडम खाली बसल्या. कान तापले होते. दामिनीच्या आधी इथे गुड्डू बसायचा, त्याआधी टिंकू. दोघांनाही त्यांनी ढ ठरवून टाकलं होतं. बोलायचं तर तिथेच, त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण चहा आला आणि बाईसाहेबांनी कप हातात घेतला. तो चहा घशाखाली उतरताना त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की अर्धा तसाच ठेवला.

संध्याकाळी त्या तुलसाच्या दारात गेल्या. तुलसाने खुर्ची टाकली, पाणी दिलं.

"पोरीचं काही चुकलं नाही, तुलसाबाई. तिच्या जागेवरून फळाच दिसत नाही. चूक माझी आहे."

तुलसा कसनुसं हसली. "तुमी मन ठेवाले आल्या, चांगल्या आहा. पण मॅडम, चार लोकांत बोललं ते बोललं. आता पोट्टीच म्हणते, आई, मले नाही जमत."

आत दामिनी कपडे घडी करून पिशवीत भरत होती. तिने वर पाहिलंही नाही. मॅडम तिच्याशी बोलायला दोनदा पुढे झाल्या आणि दोन्ही वेळा लाजेने मागे सरल्या. चारचौघांत फेकलेला दगड घरात बसून उचलता येत नाही, एवढं मात्र परतताना त्यांना कळलं.

सकाळी बसथांब्यावर गर्दी होती. दुधाच्या कॅन, कॉलेजची पोरं, सरपंचही. तुलसा पिशवी घेऊन उभी, मागे दामिनी. मॅडमनी स्कुटी लावली आणि मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. शाळेतली भाषा त्या वेळी तोंडातून निघेचना.

"ऐका जरा. काल मी सभेत खोटी बोलली. चष्मा-बिष्मा काही नाही माहा. मले फळा दिसलाच नाही. घरच्या फाटकाचा रंग मीच लावला त्याले. ही पोट्टी मले सांगत होती, आन् मी तिले हसली. तिचं डोकं चालते. माहंच चाललं नाही."

कॉलेजच्या पोरांत कोणीतरी फिसकन हसलं. सरपंच दुसरीकडे पाहू लागले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हलल्या नाहीत. तिरोड्याची गाडी आली, थांबली. तुलसाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चढली नाही.

त्या दिवशी वर्ग भरला. दामिनी दप्तर घेऊन आली आणि सरळ कोपऱ्याकडे निघाली.

"दामिनी, समोर ये. इथे, पंख्याखाली."

पोरगी थांबली. वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"नाही, मॅडम," ती समजावल्यासारखं म्हणाली, "तिथं हुशार पोरं बसतेत."

आणि ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. मॅडम खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. ती ओळ त्यांनीच लावली होती.