तीन चुकीची उत्तरं

संशय घ्यायला आमच्या बुवापाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. नळाला पाणी कमी आलं की शेजाऱ्याने मोटर लावल्याचा संशय, चप्पल दिसली नाही की गल्लीतल्या पोरांवर संशय. मी मात्र त्याचं रीतसर शिक्षण घेतेय. सायबर सिक्युरिटीत एम.एस्सी., दुसरं वर्ष. शेजारच्या कौसाबाईंना वाटतं, मी चोऱ्या करायला शिकतेय. ते अगदीच चूक नाही. चोर कुठून घुसतो हे कळल्याशिवाय कडी कुठे लावायची ते कळत नाही.

आमचे धर्मेश सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "देखो, भरोसा वगैरा घर पे रख के आनेका. कोणीपण असू दे. पहले चेक, फिर बात." मी सरांची आज्ञाधारक विद्यार्थिनी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आईच्या पाकिटातली मरून टिकली लावली. पाणीपुरीवाल्याचा क्यूआर कोड नखाने खरवडून पाहिला, वर दुसरा चिकटवलेला नाही ना म्हणून. तो तेव्हापासून माझ्या प्लेटमध्ये मुद्दाम जास्त तिखट घालतो. मावशीने माझ्यासाठी स्थळ आणलं, तर मुलाचा फोटो मी इंटरनेटवर शोधला. फोटो त्याच्या मोठ्या भावाचा निघाला. मावशीने स्थळं आणणंच बंद केलं, हा या पदवीचा आतापर्यंतचा सगळ्यात मोठा फायदा.

घरी आम्ही तिघं. बाबा, म्हणजे हिंदुराव, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. आई, संजीवनी, घरबसल्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. चौथा होता माझा धाकटा भाऊ, विनीत. बाबांनी त्याला आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या युनिटमध्ये चिकटवलं होतं. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचा. एक दिवस सुपरवायझरने बाबांना विचारलं, "पोरगा बरा आहे ना? दोन-तीन महिने दिसला नाही." बाबांनी घरी येऊन, पायातले बूटही न काढता त्याला विचारलं, "डबा घेऊन कुठे जात होतास?" विनीतने तोंड उघडलं नाही. आई रडून सांगून थकली, तरी नाही. "खोटारड्याला माझ्या घरात जागा नाही," बाबा म्हणाले. तो बॅग घेऊन निघून गेला. नंबरही बदलला. त्याला आता दोन वर्षं होतील. घरात त्याचं नाव निघत नाही, बाबांसमोर तर नाहीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईला एक फोन आला. एक पोरगा हुंदके देत होता, "आई, मला पकडलंय गं." मग जाड आवाजाचे एक 'साहेब' बोलायला लागले. आई पदर खोचून एटीएमकडे निघालीच होती. नशीब, मी घरात होते. मी फोन हिसकावून घेतला आणि साहेबांना त्यांच्या पोलीस ठाण्याचा पत्ता विचारला, तर साहेबांनीच फोन ठेवला. आईला समजावलं, हल्ली आवाजाची नक्कल मशीनवर होते, आणि रडणारा पोरगा कुणाचाही असो, सारखाच ऐकू येतो. ती दोन दिवस धड जेवली नाही. मला वाटलं, घाबरली असेल. मग भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "खोटा का असेना, पण घटकाभर वाटलं होतं गं, तोच आहे म्हणून." मला कुठल्याही चोराचा इतका राग कधी आला नव्हता.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथेच ठरला. घराघरांत एक गुप्त शब्द ठरवायचा. संकटाचा, घाईचा, रडारडीचा फोन आला की आधी शब्द विचारायचा. तीन संधी द्यायच्या. तिन्ही चुकल्या की फोन कट, नंबर ब्लॉक. शब्द कुठे लिहायचा नाही, बाहेर कुणाला सांगायचा नाही. पहिलं घर अर्थातच आमचं.

शब्द आईने निवडला. "बाहेरच्या माणसाला सुचणार नाही असा सांग," एवढंच मी म्हटलं होतं. तिला विचारही करावा लागला नाही. शब्द ऐकून बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता भडका उडतो. पण ते बशीकडे बघत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "असू दे." शब्द काय होता, ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही कोण, मला काय माहीत?

आई तर अशी तयार झाली की बघत राहावं. बाबांनी "छत्री विसरलो" एवढं सांगायला फोन केला तरी ही म्हणायची, "आधी शब्द." बाबा तिच्याही वरताण. फोन केला काय नि उचलला काय, हॅलोच्या जागी ते शब्दच म्हणायला लागले. मी समजावलं, "बाबा, शब्द जितका वापराल तितका कच्चा होतो. गरज असेल तेव्हाच म्हणायचा." "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. सरांना कळलं असतं तर माझे मार्क गेले असते.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी कॉलेजातून आले, तर आई दारातच उभी. चेहरा नुसता फुललेला.

"शलाके, आज एकाला पकडला!"

"कुणाला?"

"चोराला! दुपारी फोन आला. अगदी आपल्या विन्याचा आवाज काढला होता मेल्याने. 'आई, मी विनीत,' म्हणे. काळजात चर्र झालं माझ्या. पण म्हटलं, नाही हां, शलाकाने काय शिकवलंय? म्हटलं, आधी शब्द सांग."

"मग?"

"'कसला शब्द?' म्हणे. म्हटलं, आपल्या घरातला. खरा असशील तर येईलच तुला. मग लागला अंदाज मारायला. पहिल्यांदा म्हणाला, मोती."

मोती आमचा कुत्रा होता. त्याचा फोटो माझ्या इन्स्टाग्रामवर आहे. कुणीही शोधून काढेल. मी मान हलवली.

"मग म्हणाला, जानुबाई."

जानुबाई आमच्या गावची देवी. तिचं नाव बाबांच्या स्कूटरवर मागे लिहिलंय. निम्म्या बुवापाड्याला ते पाठ असेल.

"आणि तिसऱ्यांदा तर हद्दच केली. तुळशीची कुंडी म्हणाला! म्हणजे बघ, किल्ली कुठे ठेवतो ते काढून घ्यायचा डाव. रडतपण होता, हुबेहूब. मी केला कट. ब्लॉकपण केला, तू दाखवलंस तस्सा. सांग तुझ्या सरांना."

मी तिथेच पायरीवर बसले. आमची किल्ली आता कौसाबाईंकडे असते. तुळस खिडकीत आहे, रंगाच्या रिकाम्या डब्यात. कुंडीखाली किल्ली ठेवायचो ती आम्ही शाळेत असताना, आई पापडाच्या कामाला जायची तेव्हा. ती कुंडी कधीच फुटली. ती जागा आम्हा चौघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. चोराला घराची आजची बातमी काढता येते. इतकी जुनी, निकामी झालेली बातमी तो कुठून आणणार आणि कशाला आणणार? इतकं बरोबर चुकायला माणूस घरातलाच लागतो.

आई शाबासकीची वाट बघत होती. "शाब्बास," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एकदा तिला खोटा विनीत मिळून हातचा गेला होता. खात्री केल्याशिवाय तिला खराही द्यायची माझी हिंमत नव्हती. आणि संशय माझाही पुरता गेला नव्हता. हा पोरगा दोन वर्षं कुणाच्या संगतीत आहे, कुणाला काय काय सांगून बसलाय, देव जाणे. त्याच्याकडून ऐकून दुसराच कुणी बोलत असला तर?

आई देवळात गेली तेव्हा तिच्या फोनमधून तो नंबर काढला आणि माझ्या फोनवरून लावला.

"कौन?" वयस्कर, सावध आवाज.

"दोपहर को इस नंबर से हमारे घर फोन आया था."

"तू कौन? पुलिस से?"

"जिसने किया उसकी बहन."

"किसकी बहन? नाम बोल पहले."

मी नाव सांगितलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. शेवटी मी विचारलं, "उसकी भौं पे कटे का निशान है? राइट साइड?"

मग आवाज मऊ झाला. "कॅम्प दो में आजा, बेटा. मार्केट में जयदेव मोबाईलवाला पूछ ले. फोन पे मैं किसी का कुछ नहीं बोलता."

सरांना हा माणूस फार आवडला असता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून कॅम्प दोनच्या बाजारात गेले. वर्गातल्या मैत्रिणीला लोकेशन पाठवून ठेवलं, तासाभरात फोन आला नाही तर पोलिसांत जा म्हणून. दुकानासमोरून आधी दोनदा नुसतीच चालत गेले. दारात मोबाईलची कव्हरं लटकलेली, आत गल्ल्यावर जाड चष्म्याचे एक म्हातारे शेठ, आणि काउंटरमागे एक जण खाली मान घालून कुणाच्या तरी फोनची फुटकी काच उचकटत होता. मान वर न करता म्हणाला, "दस मिनट लगेगा."

आवाजाची नक्कल होते. पण त्या डोक्यातले दोन भोवरे मी लहानपणी रोज विंचरलेत.

"विन्या."

तो दचकला. त्याची नजर आधी माझ्या मागे गेली, बाबा आलेत का बघायला.

"कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही."

"खरं बोल ताई. बाबांनी ना?"

"कुणालाच माहीत नाही. काल फोन तूच केला होतास?"

"गौरी-गणपतीला घरी येऊ का, एवढंच विचारायचं होतं यार." तो हातातला स्क्रू ड्रायव्हर नुसताच फिरवत राहिला. "आईने ओळखच दाखवली नाही. शब्द सांग, शब्द सांग. मला वाटलं, बाबांनी तसं सांगून ठेवलंय. मग घरातलं जे जे आठवलं ते बोललो. सगळंच चूक निघालं."

मला रडू आलं. रागही आला, त्याचा, माझा आणि उगाचच धर्मेश सरांचा. काउंटरवरून वाकून मी त्याच्या कानात शब्द सांगितला.

"गूळचोर?" तो मोठ्याने म्हणाला.

आता तुम्हालाही कळलाच आहे, तर सांगते. लहानपणी विनीत फळीवरचा गूळ पळवायचा आणि पकडला गेला की चिकट तोंडानेच 'मी नाही' म्हणायचा. तेव्हापासून आई त्याला गूळचोर म्हणायची. त्याने घरातलं सगळं आठवून पाहिलं होतं, कुत्रा, देवी, कुंडी. त्या घरात आपणही होतो, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बाबांना माहितेय हा शब्द?" त्याने हळूच विचारलं.

कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली असणार होती. मी बाबांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"गूळचोर," बाबांचा आवाज आला. "बोल."

विनीत त्या फोनकडे बघतच राहिला.

"अगं बोल की, शलाका."

"बाबा," तो म्हणाला. "मी आहे."

मागे डब्यांचा, माणसांचा आवाज होता, तो हळूहळू लांब गेला. बाबा उठून बाहेर आले असावेत.

"मी म्हणजे कोण?"

"विनीत."

"कशावरून?" आवाज कोरडा होता. "शब्द सांगू नकोस. तो तुला तिने सांगितला असेल. मी विचारतो ते सांग. डबा घेऊन कुठे जात होतास?"

मला वाटलं, संपलं. याच प्रश्नावर त्याने घर सोडलं होतं. फोन बंद करायला मी हात पुढे केला, तर विनीतने माझं मनगट धरलं.

"शहाड स्टेशनला," तो म्हणाला. "बाकावर बसायचो. डबा तिथेच खायचो. आमच्या युनिटमधल्या त्या आकाशचा हात मशीनमध्ये गेला ना बाबा, तेव्हा मी शेजारीच होतो. त्यानंतर मशीनपुढे उभंच राहवेना. तुम्ही इतकी वर्षं तसल्याच मशीनवर आहात. मला भीती वाटते, हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ज्याचं उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नाही, तो प्रश्न ओळख पटवायला कधी विचारायचा नसतो. हे आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. बाबांना हे उत्तर माहीत असणं शक्यच नव्हतं. ते कशाशी ताडून बघायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं.

जयदेव शेठनी गल्ल्यावरचा छोटा टीव्ही बंद केला.

"बरोबर," बाबा म्हणाले.