सोकोरोबाईंची रांग

माझ्या भावाच्या लग्नाला मी हजर होते, पण फोनमध्ये. चर्चमधल्या पहिल्या ओळीत एका खुर्चीवर फोन टेकवून ठेवला होता आणि त्यातून मी डोळे पुसत होते. प्रार्थनेला सगळे उभे राहिले, मग खाली बसले, आणि आमचे नेल्सीमामा नेमके माझ्यावर बसले. उरलेलं लग्न मी अंधारात ऐकलं. मामा अंगाने भरदार. नुसते इकडून तिकडे सरकले तरी मला भूकंप झाल्यासारखं वाटत होतं.

लग्न ब्राझीलमध्ये, आमच्या बेलेम शहरात. आणि मी पोर्तुगालच्या उत्तरेतल्या एका लहान गावात, ओतिलियाबाईंच्या पार्लरमध्ये लोकांची नखं रंगवत बसलेली. कारण माझं रहिवासाचं कार्ड आलं नव्हतं. अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, फी भरली, फोटोत हसायचं नाही म्हणाले तर हसलेही नाही. त्यानंतर सरकार जे गप्प बसलं ते दोन वर्षं बसलंच. कार्ड येईपर्यंत देशात राहा, काम करा, कर भरा, सगळी मुभा. पण बाहेर पाऊल टाकलंत तर परत आत घेणार नाही.

चौकशीसाठी एक नंबर होता. तो लावला की बासरीची एक धून वाजायची आणि वाजतच राहायची. मी काम करता करता फोन स्पीकरवर लावून ठेवत असे. हळूहळू पार्लरमधल्या सगळ्या बायकांना ती धून पाठ झाली. ओतिलियाबाई तर केस धुताना तीच गुणगुणायच्या. एकदा धून मध्येच थांबली आणि मी जिची नखं रंगवत होते ती बाई म्हणाली, "अगं, बंद का केलंस? छान वाटत होतं." तेवढ्यात पलीकडून माणसाचा आवाज आला. खराखुरा माणूस! मी इतकी दचकले की लाल रंगाचा ब्रश तिच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत गेला.

"अर्ज प्रक्रियेत आहे," एवढं बोलून त्या माणसाने फोन ठेवला.

तेव्हापासून पार्लरमध्ये ते पालुपदच झालं. "जुसारा, कॉफी झाली का गं?" "प्रक्रियेत आहे." "तुझ्या त्या मित्राशी लग्नबिग्न करणार आहेस की नाही?" "प्रक्रियेत आहे." हसत राहायचं, दुसरं काय करणार. रडून झालं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आईचं नाव मारिया दो सोकोरो. आमच्याकडे हे नाव बायकांना सर्रास ठेवतात. देवीचंच एक नाव. पण नुसतं 'सोकोरो' म्हणजे 'धावा, वाचवा'. जन्मभर ती नदीच्या धक्क्यावर तिकीट फाडायला उभी राहायची. बोटीत चढणारी माणसं, कोंबड्या, केळीचे घड, सगळ्यांना एका आवाजात ओळीत आणायची. आता निवृत्त होती आणि त्या आवाजाला काही काम उरलं नव्हतं.

"तुला येता येत नाही ना?" ती म्हणाली. "मग मीच येते. बघू तरी कोण आहेत हे लोक."

"आई, तू येऊन काय करणार? तिथे अपॉइंटमेंटशिवाय आत सोडत नाहीत."

"आत कोण जातंय? मी बाहेर बसेन."

तीन महिने पाहुणी म्हणून राहायची परवानगी घेऊन ती उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाली, "चल, दाखव ते ऑफिस."

ऑफिस म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीचा तळमजला. समोर अग्निशमन दल, दारात एक लाकडी बाक, आणि दाराशी बेल्मिरो नावाचा वॉचमन. साठीच्या घरातला, विधुर, मिशांना तेल लावलेला. दारापुढे रोज पहाटेपासून माणसं गोळा व्हायची: नेपाळी, युक्रेनी, अंगोलाचे, आमचे ब्राझीलचे. रांग अशी नव्हतीच, नुसता घोळका. बेल्मिरो दिवसभर "मागे व्हा, मागे व्हा" करत घसा कोरडा करायचा.

आईला पाहून त्याने टोपी उचलली. "नमस्कार बाई. आणि ही रापारीगा तुमचीच का?"

मी मनात म्हटलं, झालं. पोर्तुगालमध्ये रापारीगा म्हणजे मुलगी, पोरगी. आमच्या बेलेमकडे त्याचा अर्थ असा आहे की चारचौघांत तो शब्द कोणी काढत नाही. आई आदल्याच दिवशी आलेली, तिला हे कुठून माहीत असणार? तिने छत्री उगारली.

"ए मिशीवाल्या! माझ्या पोरीला काय म्हणालास? परत म्हण!"

"पोरगी म्हणालो हो बाई, पोरगी!" तो बिचारा दाराआड. "इथे सगळे म्हणतात!"

"सगळे म्हणतात? जुसारा, हे सगळं गाव तुला असं म्हणतं?"

मी समजावून सांगेपर्यंत छत्रीचे दोन फटके दाराच्या काचेला आणि एक त्याच्या टोपीला बसला होता. घोळक्यातले ब्राझीलवाले पोट धरून हसत होते. आई शेवटी शांत झाली, बाकावर बसली आणि म्हणाली, "बरं. पण शब्द बदला तुमचा."

मला वाटलं, पहिल्याच दिवशी एवढं झालं, आता ती जायची नाही. छे! दुसऱ्या दिवशी मी कामाला निघायच्या आत ती टॅपिओकाची धिरडी डब्यात भरून तयार. संध्याकाळी आली ती ऐट मिरवत. म्हणाली, "तो घोळका बघवेना मला. ओळीत उभं केलं सगळ्यांना."

"तू? कोणत्या अधिकाराने?"

"कोणी विचारलंच नाही. मी नुसतं ओरडले, 'पोरंबाळंवाल्या पुढे! म्हातारे बाकावर! ए लंबू, तू याच्या मागे होतास, मी पाहिलंय!' झाले उभे."

आठवड्याभरात ती तिथली होऊन गेली. नवीन आलेले लोक तिलाच कागद दाखवायचे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती चष्मा लावून पाहायची आणि म्हणायची, "फोटो चांगला आलाय तुझा." लोकांना तेवढ्यानेही धीर यायचा. आतले कर्मचारी ती कोण म्हणून बेल्मिरोला विचारत. तो म्हणे, "रांगेच्या बाई आहेत." त्यांना वाटलं, वरून कोणी नेमली असेल. वरच्यांना वाटलं, खालच्यांनी नेमली असेल.

माझ्या कानावर आणखी एक गोष्ट येत होती. पहिल्या दिवशी आई त्याला 'ए मिशीवाल्या' म्हणाली होती. मग 'वॉचमन' झालं. मग 'अहो वॉचमन'. आणि एके दिवशी मी दुपारी डबा द्यायला गेले तर आई बाकावरून नुसतं म्हणाली, "अहो, ऐकलं का?" आणि बेल्मिरो लगेच आला. तो मात्र तिला अजून अदबीने 'मारियाबाई'च म्हणायचा.

"आई, हे 'अहो' काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. सोयीचं पडतं," ती म्हणाली आणि घाईघाईने डबा उघडू लागली.

नोव्हेंबरात एका थंड सकाळी तो प्रकार झाला. बेल्मिरोने हातमोजे चढवायला म्हणून ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा आईच्या हातात दिला. आईने तो सवयीने पर्समध्ये टाकला आणि पाव आणायला निघाली. इकडे आतल्या कपाटाची किल्ली हवी म्हणून साहेबीण ओरडायला लागल्या. बेल्मिरोने खिसे चाचपले, त्याच्या लक्षात आलं, आणि तो हॉलच्या मधोमध उभा राहून, सगळी अदब विसरून, जिवाच्या आकांताने ओरडला:

"सोकोरो! सोकोरोऽऽ!"

 मग खुर्च्या सरकल्या, एक बाई किंचाळली, कोणीतरी भिंतीवरचं लाल बटण दाबलं आणि भोंगा वाजू लागला. खिडक्यांमागचे सगळे कर्मचारी, ज्यांची तोंडं आम्ही कधी पाहिली नव्हती, भराभर बाहेर फुटपाथवर आले. अग्निशमन दलवाले रस्ता ओलांडून पाइप घेऊन धावले.

"कुठे आहे? काय झालंय?" त्यांचा प्रमुख बेल्मिरोला विचारू लागला. "कोण ओरडलं 'वाचवा' म्हणून?"

"मी," बेल्मिरो घाम पुसत म्हणाला.

"कोणाला वाचवायचंय?"

"कोणाला नाही. ती... ती पाव आणायला गेलीय."

एवढ्यात आई हातात पाव घेऊन कोपऱ्यावरून येताना दिसली. "ही काय, सोकोरो!" बेल्मिरो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मला हे सगळं नंतर एका अंगोलाच्या बाईने अभिनयासकट सांगितलं. पार्लरमध्ये ओतिलियाबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या.

नियम असा की एकदा भोंगा वाजला की सगळी इमारत तपासून होईपर्यंत कोणी आत जायचं नाही. तपासायला वेळ लागला. विभागाच्या साहेबीण, ग्रासिंदाबाई, पातळ ब्लाउजवर फुटपाथवर कुडकुडत होत्या. त्यांच्या आणि लोकांच्या मध्ये आज काच नव्हती. आईने आपली शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि हातात गरम धिरडं ठेवलं.

"खा. थंडीत रिकाम्या पोटी उभं राहू नये."

ग्रासिंदाबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. "तुमचा अर्ज कोणता?" त्यांनी विचारलं.

"माझा नाही. पोरीचा. जुसारा. बोटांचे ठसे, फोटो, फी, सगळं दिलंय तिने. भावाच्या लग्नाला जाता आलं नाही तिला. मामा बसला तिच्यावर."

"कोण बसला?"

आईने तो सगळा किस्सा सांगितला. ग्रासिंदाबाईंना ठसका लागला. हसू आवरून त्या म्हणाल्या, "सगळं दिलं असेल तर मग काम झालेलंच असणार. नुसतं पुढे सरकवायचं राहिलं असेल."

"मग सरकवा ना."

"तसं चालत नाही बाई."

"मग कसं चालतं?"

ग्रासिंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला नेपाळी, युक्रेनी, अंगोलावाले असे सगळे उत्तर ऐकायला जवळ आले होते. "उद्या बघते," त्या म्हणाल्या.

"हिचंही बघा," आईने शेजारची पोटुशी बाई पुढे केली. "आणि या लंबूचं. याची बायको युक्रेनमध्ये लवीवला आहे, दोन हिवाळे एकटी. आणि त्याचं."

तेवढ्यात इमारत सुरक्षित असल्याची शिट्टी वाजली. कर्मचारी एकदम दाराकडे धावले आणि दारात गर्दी झाली. ते पाहून आईच्या अंगात धक्क्यावरची तिकीटवाली संचारली.

"ए! ए! असं नाही! ओळीत! साहेबीणबाई, तुम्ही यांच्या मागे होतात, मी पाहिलंय!"

आणि ग्रासिंदाबाई, शाल पांघरून, धिरड्याचा तुकडा हातात धरून, खरोखर ओळीत उभ्या राहिल्या. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं दृश्य आमच्या गावाने त्यानंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रासिंदाबाईंनी खरंच पाहिलं. लगेच चमत्कार झाला असं नाही. आईने आपली पाहुणी म्हणून राहायची मुदत एकदा वाढवून घेतली, आणि वसंत उजाडायच्या सुमारास पोस्टमनने माझ्या हातात कार्ड ठेवलं. माझा फोटो त्यात इतका रडका होता की ओतिलियाबाई म्हणाल्या, "हे पाहून तुला कोणी परत आत घेईल का, शंकाच आहे." त्या लंबूचंही कार्ड आलं. पोटुशीचं बाळ आलं, कार्ड नंतर.

मी नाचत घरी गेले. "आई! चल, तिकिटं काढू! घरी जाऊ!"

आई बेल्मिरोच्या शर्टाचं बटण लावत होती. तोही तिथेच बसलेला, बनियनवर.

"तू जा," ती म्हणाली. "मला नाही येता येणार."

"का?"

"आम्ही गेल्या शुक्रवारी नोंदणी केली लग्नाची. तुला सांगणार होतो. आता मलाही रहिवासाचं कार्ड लागणार. अर्ज टाकलाय. देश सोडायचा नाही म्हणे तोवर."

मी बेल्मिरोकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहायचं टाळत मिशा पिळत होता.

"तुम्हाला तरी काही वाटलं नाही का हो, मला विचारावं?"

"मी सोकोरोला म्हणालो होतो विचारू या," तो म्हणाला. "ती म्हणाली, पोरगी हो म्हणायला दोन वर्षं लावेल."

मी रुसून बसणार होते, पण मला हसू आलं आणि एकदा आलं ते थांबेना. ज्या आईला भेटायला दोन वर्षं झुरले, ती माझ्याच स्वयंपाकघरात बटणं शिवत होती, आणि आता घरी जायची मोकळीक होती तर घरात आईच नव्हती.

तरी मी गेले. बेलेमला महिनाभर राहिले. आईच्या टांगत्या झोळीत झोपले, नव्या वहिनीशी गप्पा मारल्या. तिला आमच्या घरातलं सगळं आधीच कोणीतरी तिखटमीठ लावून सांगितलेलं होतं. शेजारीपाजारी विचारायचे, "सोकोरो कधी येणार गं?" मी सांगायचे, "अडकलीय. सरकारी काम आहे." बायका हळहळायच्या, "अरेरे, बिचारी!" मी मान हलवायचे. आईने काय चालवलंय ते सांगायचा मोह व्हायचा, पण ते तिचं तिनेच सांगावं म्हणून गप्प राहिले.

परतताना विमानतळावर अधिकाऱ्याने कार्ड उलटंसुलटं पाहिलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाला, "हसा की जरा." बाहेर दोघं उभी होती. बेल्मिरो गाडी कुठे लावली ते विसरला होता आणि आई त्याला भर गर्दीत झापत होती. माझी बॅग हातात घेताच तिने नाक मुरडलं.

"काय गं, तुकुपी सांडली वाटतं? सगळ्या कपड्यांना कसाव्याच्या रसाचा आंबट वास मारतोय."

"बाटली नीट बांधली होती मी. तुझा अर्ज कुठवर आला ते सांग आधी."

"ग्रासिंदाबाई म्हणाल्या, सहा महिने तरी लागतील," ती म्हणाली, तोंडावर काळजीचा लवलेश नसताना. "म्हटलं, लागू देत. मी तिथेच तर बसलेली असते. अहो, ती बघा, ती पांढरी गाडी आपलीच आहे ना?"

"आपली निळी आहे," बेल्मिरो म्हणाला, आणि आम्ही तिघं पुन्हा शोधायला लागलो.