सप्त्याच्या टोपातलं मीठ

आमच्या घरात ताट वाढलं की पहिला शब्द आबांचा. "मीठ कमी हाय," नाहीतर "मीठ जास्त हाय." मीठ बरोबर पडलं तर ते काहीच बोलत नाहीत, आणि लग्न होऊन पोशीरला आल्यापासून असे गप्प दिवस मला फारसे दिसले नाहीत. आबा म्हणजे माझे सासरे, नागूआबा. माझं माहेर खालापूरकडचं. सोयरीक ठरली तेव्हाच कोणीतरी आईला सांगितलं होतं की पोरीला बाकी काही येत नसलं तरी चालेल, पण मिठाचा हात नीट असू दे, सासरा गावाचं मीठ टाकतो.

गावाचं मीठ टाकतो म्हणजे काय, ते मला पहिल्या माघात कळलं. माघात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ता बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग सगळ्या गावाचा महाप्रसाद. देवळामागे चुलवण पेटवून पुरुषमाणसं स्वयंपाक करतात आणि बायका मांडवात बसून निवडणं-चिरणं बघतात. भात, बुंदी आणि वाल-बटाट्याची भाजी. भाजीचा टोप एवढा मोठा की ढवळायला दोन माणसं लागतात. आता घरी आपण बोटावर घेऊन चाखतो, पण हा देवाचा स्वयंपाक. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही. मग एवढ्या भाजीला मीठ किती, हे ठरवायचं कोणी? आबांनी. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी.

टाकायची पण एक पद्धत आहे. आबा बाह्या वर सारतात, टोपावर वाकतात, डोळे मिटून वाफ नाकात ओढून घेतात आणि जाड्या मिठाची मूठ सोडतात. परत वाकतात, परत वास. तेवढा वेळ चुलवणापाशी कोणी बोलत नाही. शेवटी मान हलवून ते म्हणतात, "झाका." आणि मग सगळे मोकळा श्वास घेतात. सासूबाई, म्हणजे धोंडूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या या प्रकाराला इतकी वर्षं एकच शब्द वापरत आल्या आहेत: नाटक.

नाटक असेलही. पण आबांकडे दुसरं आहे काय? गावात कोणी पखवाज वाजवतो, कोणी अभंग म्हणतो, कोणी मांडवाचा खर्च उचलतो. आबांना गळा नाही आणि तालाचं तर बोलूच नये. त्यांच्या हातात एकदा टाळ दिले तर अख्खं भजन भलत्याच वाटेला गेलं होतं. उभा जन्म भातशेती आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रात हेल्परची नोकरी. तिथे त्यांना कोणी काही विचारलं नाही. वर्षातून एकदा काय ते सगळं गाव त्यांच्या हाताकडे बघतं.

यंदा सप्त्याच्या आधी त्यांना जोराची सर्दी झाली. चार दिवस काढा, वाफ, शेक सगळं झालं. सर्दी गेली आणि आमच्या घरात एक चमत्कार घडला. आबा जेवताना गप्प बसायला लागले. पहिल्या दिवशी आईंनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आठवडा गेला तेव्हा त्या शेजारी जाऊन सांगून आल्या, "सुधारले हो आमचे." मला तर वाटलं, आपला हात बसला एकदाचा. नेरळच्या पतपेढीत मी ही गोष्ट डबा खाताना सगळ्यांना ऐकवली.

हे सुख फार टिकलं नाही. एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं आणि केस विंचरायला आत गेले. आबा ओट्याशेजारीच स्टुलावर पेपर वाचत बसले होते. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला. आई मागच्या दारातून ओरडत आल्या तरी हा माणूस पेपरातच.

"अवो, नाकात बोळे घातलेत का?"

"पायलं मी," आबा म्हणाले. "बंद करनारच हुतो."

आईंनी गॅस बंद केला आणि आबांकडे निरखून पाहिलं. त्या असं बघायला लागल्या की मला भीती वाटते. दुपारी त्यांनी वांग्याची भाजी केली आणि स्वतः आबांच्या समोर बसून वाढली. आबांनी खाल्ली, परत घेतली.

"कशी झालेय?"

"झालेय की बरी."

"मीठ टाकलंच नाय तिच्यात."

आबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि खालच्या मानेनं सांगितलं, "वासबी नाय आन् चवबी नाय. काय खातोय ते डोळ्यानं बघतो तवा कळतं." मला आधी हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. म्हणजे माझा हात वगैरे काही बसलेला नव्हता, ते वेगळंच.

नेरळच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल परत, पण कधी ते सांगता यायचं नाही. काहींना महिना लागतो, काहींना जास्त. आणि सप्ता तोंडावर आलेला.

रात्री जितेशने, माझ्या नवऱ्याने, सरळ हिशेब मांडला. तो खोपोलीच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्याला सगळ्या गोष्टींना बदली माणूस सापडतो. "मनोजला सांगून टाका. मंडळाचा सेक्रेटरी तो हाय, बघील दुसरा कोणतरी."

"दुसरा?" आबा म्हणाले. "दुसरा कोन?"

ते असं म्हणाले की जितेशने विषयच सोडला. मी मदत करावी म्हणून फोनवर शोधलं आणि सांगितलं की आबा, मिठाला मुळात वासच नसतो, मग नाकाचं एवढं काय?

"तुझ्या फोनाला नाक हाय का?" आबा उखडले. "मीठ पडलं की वाफ बदलते. कच्चा मसाला मागं सरतो, वाल पुढं येतो. तवा हात थांबवायचा. तुला काय सांगू मी."

मी फोन ठेवला. निर्णय आईंनी दिला. ज्यांनी उभा संसार त्या वास घेण्याला नाटक म्हटलं, त्याच म्हणाल्या, "कोनाला काय सांगायचं नाय. इतक्या वर्साची सवय हाय, हात टाकील आपसूक. मी हाय मांडवात." त्या मांडवात असून काय होणार होतं ते मी विचारलं नाही.

काल्याच्या दिवशी आबा पांढरा सदरा घालून पहाटेच देवळात गेले. आम्ही बायका मांडवात कोथिंबीर निवडायला बसलो. आईंनी मुद्दाम अशी जागा धरली की चुलवण समोर दिसेल. भाजी शिजत आली तसा मनोजने आवाज दिला, "आबा, मीठ!" ढवळणारे बाजूला झाले.

आबांनी बाह्या सारल्या, वाकले, डोळे मिटले. मला इथूनही त्यांची छाती फुगलेली दिसत होती. मूठ सोडली. परत वाकले. हे सगळं नेहमीसारखंच चाललं होतं आणि मी आईंना कोपराने हळूच ढोसलं, झालं म्हणून. नेहमी जिथे मान हलते तिथपर्यंत आले आणि आबा थांबले. तिथे त्यांना काहीतरी यायला हवं होतं आणि ते आलं नाही. ते वाकूनच राहिले. मग त्यांचा हात परत पोत्याकडे गेला.

"बास की," आई पुटपुटल्या. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. सगळ्या गावादेखत बायकोने चुलवणावर ओरडून सांगितलं असतं तर झाकलेलं सगळं उघडं पडलं असतं. म्हणून त्या खोकल्या.

आबांनी मान वर केली. मांडवाकडे पाहिलं. त्यांना आई दिसल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू बुडणाऱ्याला कोणी हात दिला. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि आणखी एक मूठ भरून टाकली.

आई जोरात खोकल्या. आबांनी आणखी एक टाकली.

आईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या सुंदराकाकूंनी त्यांच्या पाठीवर थोपटून पाणी दिलं. तिकडे आबा प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "झाका."

नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. महाप्रसादाला नावं ठेवायची नाहीत हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पहिला घास घेतल्यावर सगळी रांग एक क्षण थांबली. माझ्या समोरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं ते भक्तीने घेतलं की कशाने, मी सांगू शकत नाही. मग सगळ्यांनी भात मागायला सुरुवात केली. भाजीच्या एका थेंबाला भाताचा डोंगर कालवून लोक जेवत होते. पाण्याची पिंपं दोनदा भरली. भात संपला, दुसरा टोप चढवावा लागला.

आबा स्वतः भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत होते. "वाढू का?" म्हणायचे आणि माणसं एकमेकांकडे न बघता म्हणायची, "वाढा की थोडी." एकानेही पानात टाकली नाही. बादल्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या पंगतीत त्यांनी स्वतः दोन वाट्या खाल्ल्या आणि समाधानाने हात धुतले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी येताना ते जितेशला सांगत होते, "भात संपला, पायलास ना? भाजीला उठाव असला की भात संपतो." जितेश त्या वेळी बाटली तोंडाला लावून पाणी पीत होता. त्याने ती काढलीच नाही.

संध्याकाळी ओटीवर बसल्यावर मात्र त्यांचा जोर ओसरला. एवढ्या पंगती उठल्या, पण एकही माणूस येऊन भाजीबद्दल बोललं नव्हतं. एरवी मनोज तरी येतो. आबांनी जितेशला विचारलं, "झालती कशी?"

"प्रसाद तो प्रसाद," म्हणून तो गाडी पुसायला निघून गेला.

मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, माझ्या वाट्याला भाजी आलीच नाही. "मीच तर वाढली तुला," आबा म्हणाले. मी चहाचं निमित्त करून आत आले आणि दाराआड उभी राहिले. एवढ्या माणसांच्या जिभेवर जे होतं ते एकट्या आबांनाच ठाऊक नव्हतं, आणि सांगायची कोणाची छाती होत नव्हती. माझी तर नव्हतीच.

आई पायरीवर बसून पाय चोळत होत्या. आबा बाकड्यावरून त्यांच्याकडे वळले.

"धोंडू, तू सांग गं. भाजी कशी झालती?"

आई पाय चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "झ्याक झालती. यंदासारखी कदी झाली नाय."

आबा त्यांच्याकडे बघत बसले. ज्या बाईने आजवर त्यांच्या हातच्या साध्या चहालाही बरं म्हटलं नाही, तिच्या तोंडून हे आलं होतं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"इतकी खारट?" त्यांनी विचारलं.

आईंनी तोंड फिरवलं. पदर डोळ्याला लावला आणि तशाच म्हणाल्या, "मी खोकले ते थांबा म्हनून खोकले वो."

"मला वाटलं, अजून टाका म्हनतेस."

"ठसका लागस्तवर खोकले मी!"

"म्हनून तर टाकत गेलो."

आधी आईंना हसू फुटलं. डोळे ओले आणि पोटातून हसू, तोंडावर पदर धरून त्या गदागदा हलायला लागल्या. आबा थोडा वेळ रागावून बघत होते, मग तेही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं. चहाचे कप घेऊन मी दारातच थांबले. मला आबांची आणि आईंची, दोघांची फार माया वाटली. एरवी मी त्यांच्यावर मनातल्या मनात किती हसत असते ते मलाच माहीत.

"लोकांनी खाल्ली पन," आबा म्हणाले. "समद्यांनी खाल्ली. एक घास टाकला नाय." त्यांनी हाताचे पंजे उलटेसुलटे करून पाहिले. "पुढल्या वर्षी मीठ तू टाकायचं."

"मी? चुलवणावर बाईमानूस? मनोज उभं करील का मला?"

"मी सांगतो मनोजला, नाकाचं बी सांगतो. मी शेजारी उभा ऱ्हाईन. तुझ्या हातात इसवास हाय माझा."

"रोज तर मीठ कमी म्हनता."

"म्हनायचो ते म्हनायचो. आता म्हनतोय ते ऐक." आबांनी माझ्या हातातून कप घेतला. "चांगली झाली तर धोंडूबाईनं टाकलं म्हनून मीच माईकवर सांगीन."

"आन् खारट झाली तर?"

"तर माझं नाव हायच की."

आई उठून आबांच्या शेजारी बाकड्यावर येऊन बसल्या, आणि त्यांच्या सदऱ्याच्या दुमडलेल्या बाह्या एकेक करून खाली सोडायला लागल्या.